ऊब कोण देते?

सहलीची बस पहाटे पाचला निघणार असली की आदल्या दिवशी आपण वर्गात हमखास सूचना देतो : "गरम कपडे घेऊन या." मुले स्वेटर, शाली, कानटोप्या घेऊन येतात आणि बसमध्ये ऊबेत झोपी जातात. सूचना योग्यच आहे. पण त्यातला 'गरम' हा शब्द आपली फसवणूक करतो. कपाटातल्या स्वेटरच्या घडीत तापमापी रात्रभर ठेवली, तर सकाळी ती खोलीचेच तापमान दाखवते. बर्फवाला लादी गोणपाटात गुंडाळतो, ती काही बर्फ तापावा म्हणून नव्हे. मग थंडीत आपल्याला ऊब कोण देते? या प्रश्नाचे उत्तर माणसाला टप्प्याटप्प्याने मिळत गेले. त्या कहाणीचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोचतो.

एक ग्रॅम लोकर

बेंजामिन थॉम्प्सन (जन्म १७५३) हा मूळचा अमेरिकेतला. पुढे तो बव्हेरियाच्या शासकाच्या पदरी राहिला आणि काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्धीस आला. लष्कराची व्यवस्था त्याच्याकडे होती. सैनिकांना थंडीत कोणते कपडे द्यावेत, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. दरबारातल्या कोणाचे मत विचारण्याऐवजी त्याने प्रयोग केला.

त्याने एका काचेच्या नळीच्या टोकाला पोकळ गोळा केला आणि त्याच्या मधोमध तापमापीचा फुगा येईल अशी रचना केली. फुगा आणि काच यांच्यामधल्या मोकळ्या जागेत तो दर वेळी १६ ग्रेन, म्हणजे सुमारे एक ग्रॅम, वेगवेगळा पदार्थ भरी. मग हे उपकरण उकळत्या पाण्यात तापवून बर्फात ठेवायचे आणि पारा ठरावीक अंश उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. जितके सेकंद जास्त, तितका तो पदार्थ उष्णता अडवण्यात तरबेज.

१७९२ साली प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत. जागेत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापूस भरल्यावर १०४६, लोकर भरल्यावर १११८, कच्च्या रेशमाला १२८४, आयडर बदकाच्या पिसांना १३०५ आणि सशाच्या केसांना १३१५.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ससा जिंकला. पण खरी गंमत पुढेच आहे. रम्फर्डने तोच कापूस, तेवढ्याच वजनाचा, पण सूत कातलेला असा भरला. वेळ १०४६ वरून ८५२ वर आली. लोकरीच्या धाग्याने १११८ वरून ९३४ वर आणली. पदार्थ तोच आणि वजनही तेच, तरी ऊब कमी! पीळ दिल्याने तंतू एकमेकांना घट्ट चिकटले आणि त्यांच्यामधली हवा मोकळी झाली, एवढाच काय तो फरक. शिवाय एक ग्रॅम रेशमाने त्या जागेचा जेमतेम पंचावन्नावा भाग व्यापला होता. बाकी सगळी हवाच होती. म्हणजे उष्णता अडवत होती ती हवा, आणि तंतूंचे काम त्या हवेला जागच्या जागी धरून ठेवण्याचे. मोकळी हवा तापली की वर सरकते, तिची जागा गार हवा घेते आणि उष्णता निघून जाते. कोंडलेल्या हवेला हे फिरणे जमत नाही.

दबलेल्या रजईतला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेणाऱ्या आपल्या आजीला हे ठाऊक होते. पिंजल्याने कापूस वाढत नाही, हवा वाढते. जुन्या लुगड्यांचे थर टाचून केलेली गोधडीही थरांमधल्या हवेच्या जोरावरच ऊबदार होते.

रम्फर्डचा एक निष्कर्ष मात्र चुकला. हवा उष्णतेचे वहन अजिबात करतच नाही, असे त्याने ठरवून टाकले. हवा वहन करते, पण फारच थोडे. चांगल्या प्रयोगातूनही गरजेपेक्षा मोठा निष्कर्ष काढला जाऊ शकतो, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

घामाचा बर्फ

हवा कोंडली की काम झाले, असे समजणाऱ्यांना अंटार्क्टिकाने दुसरा धडा दिला. १९११ च्या जून-जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या अंधारात, स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. घसरगाड्या ते स्वतः ओढत होते. ओढताना घाम येई, तो कपड्यांत मुरे आणि गोठे. एका सकाळी चेरी-गॅरार्डने तंबूबाहेर येऊन सहज मान वर केली, आणि कपडे त्याच स्थितीत गोठले. पुढचे चार तास त्याला मान वर करूनच गाडी ओढावी लागली! त्यानंतर तिघेही बाहेर पडताच आधी ओढण्याच्या पवित्र्यात वाकून उभे राहू लागले. पाच आठवड्यांत त्याच्या झोपण्याच्या पिशवीचे वजन ८ किलोवरून २० किलोवर गेले. वाढ सगळी बर्फाची होती.

कारण सोपे आहे. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. तंतूंमधली हवा जाऊन तिथे पाणी आले, की कपडा पांघरुणाऐवजी चोरवाट बनतो.

आमुंडसेनने हा धडा आधीच घेतला होता. १९०३ ते १९०५ या काळात उत्तर कॅनडात अडकून राहिलेल्या त्याच्या जहाजाशेजारी नेत्सिलिक इन्युइट लोक राहत. त्यांच्याकडून तो कॅरिबूच्या कातड्याचे कपडे वापरायला शिकला : आतल्या कपड्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे बाहेर, आणि दोन्ही सैलसर, म्हणजे घामाची वाफ निघून जावी. कॅरिबूचा केस आतून हवेच्या कप्प्यांनी भरलेला असतो. ज्यांना त्या काळी 'रानटी' म्हटले जाई, त्यांचे वस्त्रशास्त्र युरोपच्या पुढे होते. १४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याचे सारे श्रेय कपड्यांना देता येणार नाही. कुत्र्यांच्या गाड्यांचा वाटा मोठा होता. पण कुत्रे गाडी ओढत असल्यामुळे माणसांना घामही कमी आला, हे विसरू नये.

हसू झालेला कोट

आता एव्हरेस्ट, १९२२. ब्रिटिश मोहिमेतले बहुतेक गिर्यारोहक लोकरी कपड्यांचे थर आणि वर वारा अडवणारे सुती कापड अशा वेशात होते. जॉर्ज फिंच हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ मात्र स्वतः आखलेला कोट घेऊन आला. बाहेर फुग्याचे पातळ, हवाबंद कापड आणि आत आयडर बदकाची पिसे. सोबत्यांनी त्याची टर उडवली. थंडी वाढत गेली तसे हसू मावळले.

सुमारे ७,८०० मीटर उंचीवर फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर वादळात तंबूत अडकले. दुसऱ्या रात्री अंग बधिर होऊ लागले, तेव्हा फिंचने प्राणवायूची नळकांडी उघडली. थोड्याच वेळात हातापायांत ऊब परतली. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. ऊब तयार करते ती शरीराची भट्टी. तिला अन्न हवे आणि प्राणवायू हवा. कोट फक्त राखणदार. भट्टीच मंदावली तर राखणदार काय राखणार? २७ मे रोजी फिंच आणि ब्रूस सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोचले. इतक्या उंचीवर तोवर कोणीही चढले नव्हते.

तरीही १९२४ च्या मोहिमेत फिंचला घेतले गेले नाही. आयोजकांशी त्याचे मतभेद होते, आणि प्राणवायू वापरणे खेळाडूपणाला शोभत नाही, असे मानणारेही होते. १९२४ मध्ये मॅलरी लोकर, रेशीम आणि सुती कापडांचे थर घालून वर गेला आणि परतला नाही. २००६ मध्ये त्या कपड्यांच्या प्रतिकृती एव्हरेस्टवर वापरून पाहिल्या. चांगल्या हवेत चालताना त्या पुरेशा ऊबदार ठरल्या. पण उघड्यावर रात्र काढायला त्या पुरल्या नसत्या.

फिंच पुढे लंडनला प्राध्यापक झाला. आणि १९५२ ते १९५७ या काळात हेच प्राध्यापक फिंच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते! २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, ते प्राणवायूच्या नळकांड्यांसह. पिसांचे कपडेही त्या मोहिमेत होते. तीस वर्षांपूर्वी ज्या दोन गोष्टींबद्दल फिंचना बोलणी खावी लागली, त्या दोन्ही आता गिर्यारोहकांच्या रोजच्या सामानात जमा झाल्या होत्या.

वर्गात करून पाहा

एकसारख्या चार बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा. दुसरीभोवती पिंजलेला कापूस सैल गुंडाळा, तिसरीभोवती तेवढ्याच वजनाचे सूत घट्ट गुंडाळा, आणि चौथीभोवती दुसरीसारखाच कापूस, पण ओला. दर पाच मिनिटांनी तापमान टिपून आलेख काढा. कोणती बाटली आधी निवेल, याचा अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्या. अंदाज चुकला तर उत्तमच. रम्फर्डचाही एक चुकला होता.

पुढच्या सहलीला सूचना जराशी बदलून पाहू : "हवा धरून ठेवणारे कपडे आणा, ते कोरडे ठेवा, आणि पोटभर न्याहारी करून या."