मत्स्यकन्येच्या हातांतील तरवार

कोल्हापूरजवळ वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहिले होते. त्यामुळें पोलंडचें नांव महाराष्ट्रास अगदींच परकें नाहीं. त्या देशाच्या राजधानीचें, वॉर्सा नगरीचें, चिन्ह म्हणजे एक मत्स्यकन्या. कमरेपासून वर स्त्री, खालीं मासा. एका हातांत ढाल, दुसऱ्यांत उगारलेली तरवार.

प्रारंभीं हें रूप इतकें मोहक नव्हतें. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या नगरमुद्रेवर जो प्राणी दिसतो, त्याचें धड मनुष्याचें, पाय पक्ष्याचे आणि शेपूट पाश्चात्य कथांतील ड्रॅगनासारखें आहे. प्रेम जडावें असें त्यांत कांहीं नाहीं! पुढें पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांचे हात फिरत गेले आणि त्या विचित्र जनावराची स्त्री झाली. तिला लोककथाहि मिळाली. व्हिस्तुला नदींत जाळ्यांत सांपडलेले मासे ती सोडून देई, म्हणून कोळी चिडले. पण तिचें गाणें ऐकतांच ते राग विसरले. एका लोभी व्यापाऱ्यानें तिला पकडून कोंडलें, तेव्हां एका तरुण कोळ्यानें तिची सुटका केली. नगरावर संकट आल्यास आपण धांवून येऊं, असें वचन देऊन ती नदींत गेली. तरवार आली ती या वचनापोटीं.

विसाव्या शतकांत या वचनाची कसोटी लागली. १९३९ सालीं लुडविका निचोव्हा या शिल्पकर्त्रीनें घडविलेला मत्स्यकन्येचा ब्राँझचा पुतळा नदीकांठीं उभा राहिला. त्यासाठीं नमुना म्हणून बसली होती क्रिस्तिना क्राहेल्स्का ही तरुण कवयित्री. त्यानंतर कांहीं महिन्यांतच जर्मन सैन्य पोलंडमध्यें घुसलें. १ ऑगस्ट १९४४ रोजीं नगरीनें उठाव केला, तेव्हां क्रिस्तिना शुश्रूषापथकांत होती. तिच्या हातीं तरवार नव्हती, मलमपट्ट्या होत्या. एका जखमी सोबत्याची शुश्रूषा करीत असतां तिलाच गोळ्या लागल्या, आणि दुसऱ्या दिवशीं ती मरण पावली. १९४३ सालीं तिनें रचलेलें गीत मात्र लढणाऱ्यांच्या तोंडीं अखेरपर्यंत राहिलें.

६३ दिवसांनीं उठाव मोडला. जर्मनांनीं सूडबुद्धीनें घरेंदारें, राजवाडे, ग्रंथालयें जाळलीं, सुरुंगांनीं उडविलीं. ऐतिहासिक नगरभागाचा शेंकडा ८५ हून अधिक भाग नष्ट झाला. नदीकांठचा पुतळा तेवढा वांचला. मत्स्यकन्येचें वचन फोल ठरलें, असें परका सहज म्हणेल. वॉर्साचे लोक तसें म्हणाले नाहींत. अठराव्या शतकांतील चित्रें व जुने आराखडे पुढें ठेवून त्यांनीं आपला जुना भाग पुनः उभारला. १९८० सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. आज तेथील ट्रामगाड्यांवरहि मत्स्यकन्याच असते, आणि नदीकांठीं क्रिस्तिनाच्या रूपावरून घडलेली ती ब्राँझची मूर्ति तरवार उगारून उभी आहे.