तडा बुजवायचा नसतो, थांबवायचा असतो

गेल्या महिन्यातला एक अख्खा शनिवार आणि अर्धा रविवार मी कळंबोलीच्या एका गॅरेजात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढला. समोर काकांची जुनी पिकअप. पुढचं उजवं चाक काढलेलं, स्टिअरिंग बॉक्स खाली जमिनीवर, आणि जिथे तो बॉक्स चॅसीला बसतो तिथे बोल्टच्या भोकापासून निघालेली बोटभर लांबीची चीर. तिथे बसल्या बसल्या जे सुचलं, आणि मग घरी येऊन जे वाचलं, त्याचा हा लेख. थोडा इतिहास आहे, थोडं ग्रीस आहे. सांभाळून घ्या :)

आधी कबुली देतो. हीच चीर दीड वर्षापूर्वीही पडली होती. काकांचं पनवेलात हार्डवेअरचं दुकान आहे, गाडी सळया आणि सिमेंट घेऊन पेण-खोपोलीपर्यंत जाते. तेव्हा काकांनी फोन करून विचारलं, "अरे, मिस्त्री म्हणतोय दोन दिवस गाडी ठेवा. तू इंजिनियर आहेस, काय करू?" मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "काका, एवढं काय त्यात, वेल्डिंग मारून घ्या." काकांनी दुसरीकडे नेऊन अर्ध्या तासात मारून घेतलं. ह्या वेळची चीर बरोबर त्या वेल्डिंगच्या कडेपासून सुरू झाली होती. गाडी रोज चालवणारे ड्रायव्हरदादा काकांकडे पंधरा वर्षं आहेत, मला लहानपणी पुढे बसवून फिरवून आणायचे. त्यांनाच वळणावर 'टक्' असा आवाज ऐकू आला आणि त्यांनी गाडी घाटात न नेता परत आणली, म्हणून हा लेख लिहितोय. नाहीतर वेगळंच काहीतरी लिहावं लागलं असतं.

असो. मुद्द्यावर येऊ.

पनवेल आणि चाक यांचं नातं फार जुनं आहे. मुंबईहून पुण्याला जायचं तर पूर्वी होडीनं खाडीतून पनवेल बंदरात उतरायचं आणि तिथून पुढे घाट चढायचा. १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला केला आणि घाटावरचा माल बैलगाड्यांतून थेट पनवेलला उतरू लागला. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाड्यांची चाकं बनवण्याची नोंद आहे. आयटी पार्कच्या आधी, सिडकोच्या आधी, स्टील मार्केटच्या आधी आपलं गाव चाकांचं होतं! १८६३ मध्ये रेल्वे कर्जतवरून बोरघाट चढली आणि पनवेलला बाजूला टाकून गेली, तरी चाकं काही लगेच थांबली नाहीत.

आता हे लाकडी चाक कसं बनतं बघा. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरून लाकडाचे वक्र तुकडे जोडून केलेलं वर्तुळ. हे सगळं नुसतं एकमेकांत अडकवलेलं. त्याच्यावर लोखंडाची पट्टी चढते, तिला धाव म्हणतात. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. जाळात लाल करून फुगवायची, गरम असतानाच चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसते आणि सगळे सांधे करकचून दाबून धरते. चाक मजबूत होतं ते ह्या दाबामुळे. धाव सैल झाली की सांधे हलायला लागतात, आणि हलणारा सांधा फार दिवस टिकत नाही.

ही धाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

बैलगाडीला स्टिअरिंग नसतं. दोन चाकं, दोन्ही आपापली मोकळी फिरणारी, आणि वळवायला बैल. खरी भानगड चार चाकांना सुरू होते. वळताना आतल्या चाकाला लहान वर्तुळ कापायचं असतं, बाहेरच्याला मोठं. म्हणजे दोन्ही पुढची चाकं सारख्याच कोनात वळवून चालत नाही. ह्यावरचा तोडगा म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्यानं काढला आणि त्याच्या वतीनं रुडॉल्फ आकरमाननं १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं. नाव अर्थातच आकरमानचं झालं. (काम करणारा एक, नाव लागणार दुसऱ्याचं, हे आमच्या क्षेत्राच्या खूप आधीपासून चालू आहे.) घोडागाडीसाठी केलेली ती भूमिती आजही मोटारगाडीत आहे.

मोटार जड झाली तशी माणसाच्या हातांची ताकद कमी पडू लागली. मग आला स्टिअरिंग बॉक्स. आत मळसूत्रासारखा दांडा, त्यावर सरकणारा भाग, आणि बाहेर ड्रॉप आर्म. आपण चाक खूप फिरवतो, आर्म थोडासाच फिरतो, पण कितीतरी जास्त जोरानं. हा जोर किती? खुर्चीवर बसून मी हिशोब केला. समजा हातानं २० किलोचा जोर लावला, स्टिअरिंगची त्रिज्या २० सेंटीमीटर, बॉक्सचं गुणोत्तर १८ ला १. घर्षणात एक तृतीयांश गेलं असं धरलं आणि ड्रॉप आर्म १८ सेंटीमीटरचा असेल, तर त्याच्या टोकाला साधारण २६५ किलोचा जोर येतो. न्यूटननं सांगितल्याप्रमाणे तेवढाच जोर उलट्या दिशेनं बॉक्सवर येतो. बॉक्स तो कुठे देणार? तीन-चार बोल्टमार्फत चॅसीच्या पत्र्याला. भरलेली गाडी जागच्या जागी वळवली की हे असं होतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षं.

इतक्या जोरानं पत्रा एका झटक्यात कधीच तुटणार नाही. मग तुटतो कसा?

हा प्रश्न जगाला पहिल्यांदा जोरात पडला तो ८ मे १८४२ ला. व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की हादऱ्यांमुळे लोखंडाची जातच बदलते, ते आतून स्फटिकासारखं ठिसूळ होतं. १८४३ मध्ये विल्यम रँकिन नावाच्या जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं मोडलेले आस तपासून सांगितलं की तसं नाही, चीर बाहेरून सुरू होऊन हळूहळू आत शिरते. आणि ती सुरू होते जिथे आसाची जाडी एकदम बदलते, त्या धारदार कोपऱ्यात. तो कोपरा गोलसर करा. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्यॉलर यांनी वर्षानुवर्षं आसांवर प्रयोग करून १८७० पर्यंत दाखवून दिलं की धातूला मोडायला एकदाच मोठं ओझं लागत नाही, लहान ओझं पुष्कळ वेळा उलटसुलट दिलं तरी पुरतं. ह्यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो.

मग १९१३ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी जहाज बांधणाऱ्यांच्या संस्थेपुढे गणित मांडलं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल असेल, ताणाच्या आडवं, लांबी रुंदीच्या दहापट, तर टोकाला ताण एकवीसपट. आणि चीर म्हणजे काय, तर रुंदी जवळपास शून्य असलेला लंबगोल! म्हणून चीर एकदा पडली की तीच स्वतःला पुढे नेते. किती लांब आहे ह्यापेक्षा तिचं टोक किती अणकुचीदार आहे, हा खरा प्रश्न.

आता कळंबोलीला परत येऊ. मिस्त्रींनी (साठीचे असावेत, शाळा सातवीपर्यंत, हे त्यांनीच सांगितलं) पहिलं काय केलं? चिरेच्या जागी रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. दोन मिनिटांत पांढऱ्यावर एक काळपट रेघ उमटली, डोळ्यांना दिसत होती त्यापेक्षा बोटाच्या पेराएवढी लांब. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत आस तपासायची हीच रीत होती, तेल आणि खडू.

मग त्यांनी ड्रिल घेतलं आणि त्या रेघेच्या टोकाच्या जरा पुढे एक भोक पाडलं. मी म्हटलं, "आधीच तुटलंय, त्यात अजून भोक?"

"साहेब, तडा नुसता बुजवून उपयोग नाय. आधी थांबवायला लागतो. ह्याच्या पुढे आता जाणार नाय तो."

गोल भोक, तिप्पट ताण. अणकुचीदार टोक, कितीतरी पट. इंग्लिसचा अख्खा पेपर पाच मिलिमीटरच्या ड्रिलमध्ये. मी हे गणित कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पाठ करून पास झालो होतो, आणि फोनवर सांगितलं काय, तर 'वेल्डिंग मारून घ्या'.

त्या वेल्डिंगचं काय चुकलं होतं तेही कळलं. चिरेवरून नुसता वरवर रांधा ओढला होता. खाली चीर तशीच. शिवाय वेल्डिंगच्या कडेला धातू तापून त्याचा स्वभाव बदलतो, आणि जिथे रांधा संपतो तिथे पुन्हा एक धारदार कोपरा तयार होतो, रँकिननं सांगितला तसाच. म्हणजे आम्ही पैसे देऊन नव्या चिरेला जागा करून दिली होती. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. एरर आला, तो गिळून टाकला, लॉग स्वच्छ, सगळे खूश... आणि मग एके रात्री प्रॉडक्शन झोपतं.

ह्या वेळी बॅटरी सोडली, बॉक्स बाहेर काढला, चीर ग्राइंडरनं व्ही आकारात मुळापर्यंत खोदली, कोरड्या ठेवलेल्या रॉडनं थोडं थोडं, मध्ये थंड होऊ देत भरली आणि घासून सपाट केली. वरून सहा मिलिमीटरची प्लेट. ती चौकोनी नाही, दोन्ही टोकं निमुळती कापलेली. सरळ आडवी कड ठेवली तर सगळा ताण त्या एका रेघेवर येतो आणि पुढची चीर तिथेच पडते. निमुळत्या टोकानं तो हळूहळू वाटला जातो. चॅसीच्या पोकळीत बोल्टभोवती लोखंडी नळीचे तुकडे घातले, म्हणजे बोल्ट आवळताना पत्रा आत दबणार नाही. बोल्ट नवे, हाय टेन्साइल.

आणि इथे ती धाव परत येते. मिस्त्रींनी जुने बोल्ट माझ्या हातात दिले. दोन बोल्टांच्या दांड्यावर चकचकीत घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे ते कधीपासून सैल होते. घट्ट आवळलेला बोल्ट बॉक्सला चॅसीवर दाबून धरतो आणि जोर त्या दाबाच्या घर्षणातून, मोठ्या जागेवर पसरून जातो. बोल्ट सैल झाला की बॉक्स हलतो, आणि तोच जोर प्रत्येक वळणाला भोकाच्या कडेवर हातोड्यासारखा बसतो. चीर पडली ती ओझ्यामुळे पडली असं आम्ही समजत होतो. सुरुवात झाली होती ढिलाईपासून. वर किंगपिन ग्रीसवाचून जड झालेले, त्यामुळे प्रत्येक वळणाला जोर जास्त. पनवेलच्या सुतार-लोहारांना हे पूर्ण ठाऊक असणार. सैल धाव घेऊन घाट चढू नये, एवढं कळायला त्यांना इंग्लिस लागला नाही.

ह्यावरून 'अडाणी मिस्त्री शहाणा आणि शिकलेला इंजिनियर मूर्ख' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तो खरा नाही. दीड वर्षापूर्वी ज्यानं अर्ध्या तासात रांधा ओढला तोही मिस्त्रीच होता. आणि रँकिन, इंग्लिस ही शिकलेलीच माणसं. फरक एवढाच, की एकानं मोडलेली वस्तू हातात घेऊन 'हे इथेच का मोडलं?' असं विचारलं आणि दुसऱ्यानं विचारलं नाही. दीड वर्षापूर्वी मी दुसऱ्या गटात होतो. काकांच्या पहिल्या मिस्त्रीनं दोन दिवस मागितले होते ते ह्या प्रश्नासाठीच. आम्हाला वाटलं, उगाच वेळ काढतोय.

रविवारी दुपारी ड्रायव्हरदादा आले. मी इंजिन बंद ठेवून जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं, ते खाली वाकून बॉक्सकडे बघत होते. हलला नाही. म्हणाले, "आता बरा बसलाय." बिल किती झालं ते सांगत नाही, पण पहिल्या अर्ध्या तासाच्या बिलासकट एकूण महागच पडलं.

निघताना मिस्त्री म्हणाले, पाचशे किलोमीटरनंतर गाडी आणा, बोल्ट परत आवळायचे. मी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावलाय. काकांच्या नाही, माझ्या.

तूर्तास इतकंच.