बी-मालिकेचे इंजिन : शक्तिवर्धन आणि त्याच्या मर्यादा

अँबॅसडर मोटारीचे इंजिन मंद होते, हे मत रूढ आहे. १९९९ पर्यंत भंडारा व तदनंतर गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या अर्जुनी मोरगावापासून मुंबईपर्यंत शासकीय वाहन म्हणून परिचित झालेल्या या गाडीचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि एम. जी. ए. या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन मूलतः एकच होते, ही गोष्ट मात्र क्वचितच ध्यानात घेतली जाते.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या या बी-मालिकेतील इंजिनातून अँबॅसडरला सुमारे ५५ अश्वशक्ती मिळे. १९५५ च्या एम. जी. ए. ला प्रारंभी ६८ व लवकरच ७२ मिळू लागली. हा फरक दोन कार्ब्युरेटर, वाढविलेले संपीडन आणि अधिक फेऱ्यांना साजेसा कॅमदंड यांमुळे पडला. इंजिनास अधिक हवा पुरविणे, हेच या साऱ्याचे सूत्र होते. तथापि शेजारच्या सिलिंडरांना सामाईक प्रवेशमार्ग असल्याने या उपायांस मर्यादा पडे. ती ओलांडण्यासाठी १९५८ मध्ये दोन कॅमदंडांचे ॲल्युमिनियमचे शीर्ष बसविण्यात आले. १५८८ घन सेंटिमीटरमधून १०८ अश्वशक्ती निघाली खरी, परंतु ९.९ पट संपीडनाला उत्तम पेट्रोल व अचूक प्रज्वलन लागे. ते न मिळाल्यास दट्टे जळत. १९६० मध्ये हे उत्पादन थांबले. १९६२ च्या एम. जी. बी. ने साधे शीर्ष ठेवून आकारमान १७९८ पर्यंत वाढविले व ९५ अश्वशक्ती साधली.

यावरून असे दिसते की, शक्ती ही केवळ यंत्रज्ञाच्या कौशल्याची निष्पत्ती नसून इंधन, देखभाल व ग्राहक यांचीही असते. हलक्या प्रतीचे पेट्रोल, खडबडीत रस्ते आणि गावोगावच्या मिस्त्रीची मोजकी हत्यारे यांना अल्प संपीडनाचे इंजिनच मानवणारे होते. म्हणून त्या मंदपणास निव्वळ मागासलेपणा म्हणणे न्याय्य नाही.

परंतु हे समर्थनही एका मर्यादेपर्यंतच टिकते. परिस्थिती बदलल्यावरही इंजिन फारसे बदलले नाही, कारण परवाना-पद्धतीने संरक्षिलेल्या बाजारात स्पर्धेचा रेटा नव्हता. जपानी इसुझूचे इंजिन अँबॅसडरमध्ये आले ते १९९० नंतरच. आणि २०१४ मध्ये गाडीचे उत्पादनच बंद पडले. प्रारंभीचा संयम परिस्थितीने लादलेला होता. नंतरचे साचलेपण धोरणातून आलेले होते. या दोहोंची गल्लत इतिहासकाराने टाळणे अगत्याचे आहे.