ड्रॉइंगवरील कॉपीराइट (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

कॉपीराइट म्हटले की कादंबरी, गाणे, चित्रपट आठवतात. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न येतो तो ए-थ्री कागदावरच्या ड्रॉइंगच्या रूपाने. टायटल ब्लॉकमध्ये पार्ट नंबर, रिव्हिजन आणि ‘आमच्या लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये’ अशा अर्थाची ओळ असते. मशिनशेजारी टांगलेल्या प्रतीवर ती कूलंटच्या डागाखाली केव्हाच गेलेली असते.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात ड्रॉइंग ही ‘कलाकृती’ आहे. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण ते संरक्षण कारखान्यात शिरले की पातळ होते. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि त्यावरून औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग निघाले, तर कलम १५(२)नुसार त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. चाकणच्या प्रेसला पन्नास नग म्हणजे चहापूर्वीचे काम. शिवाय २०१२च्या दुरुस्तीनंतर, तांत्रिक ड्रॉइंगवरून निव्वळ कार्यात्मक भाग घडवणे हा भंग मानला जात नाही. थोडक्यात, ड्रॉइंगची झेरॉक्स काढणारा अडकू शकतो. त्यावरून ब्रॅकेट बनवणारा बहुधा नाही. म्हणून मोठ्या कंपन्या वेंडरकडून गुप्ततेचा करार सही करून घेतात, आणि खरी भिस्त त्यावरच असते.

कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होते, हा वाद जुना आहे. एलएनजी वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगवरून झालेल्या क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये त्यासाठी कसोटी घालून दिली : आधी कलाकृती की औद्योगिक डिझाइन ते पाहा, मग त्यात प्रधान काय ते तपासा, उपयुक्तता की देखणेपण.

सॉफ्टवेअरचा कॉपीराइट मात्र कडक आहे. ‘क्रॅक’ केलेले कॅड जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ब खाली सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

ड्राफ्ट्समन पगारी असेल तर, वेगळा करार नसल्यास, नोकरीत काढलेल्या ड्रॉइंगचा पहिला मालक मालकच. घरी बसून तासाच्या दराने ड्रॉइंग काढणाऱ्याचे तसे नाही. त्याच्याकडून हक्क लेखी घ्यावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहायची राहिली तर पाच वर्षांनी तो पुन्हा त्याच्याकडे जातो.