खळ्यावरची रात्र : रूथ, अध्याय 3

वचने 1 ते 5. बेत नामीचा. सुनेने न्हावे, सुगंधी तेल लावावे, चांगले कपडे घालून खळ्यावर जावे आणि नातलग बवाज झोपला की त्याच्या पायांशी जावे. विधवा सुनेला हक्काचे घर मिळावे हा हेतू सरळ आहे, पण जोखीम सगळी रूथच्या माथी. ती मवाबी, विधवा आणि रात्री एकटी. बवाजाने दुसऱ्या दिवशी गावात एक शब्द काढला असता, तर बेथलेहेमात तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तरी नामी आंधळेपणाने पाठवत नाही. दुसऱ्या अध्यायात बवाजाने गड्यांना ताकीद दिली होती की या बाईला कोणी हात लावायचा नाही. तहान लागली तर पाणी प्यायला सांगितले होते आणि तिच्यासाठी मुद्दाम कणसे मागे टाकायला लावली होती. माणसाची पारख कापणीच्या दिवसांत, चारचौघांत झाली होती. खळ्याची रात्र त्यानंतर आली. हा क्रम आजच्या तरुणांनी जरूर पाहावा.

वचने 6, 7. तो जेवला, प्यायला, खुशीत राशीच्या कडेला झोपला. तिने त्याच्या पायांवरचे पांघरूण काढले. यावर विद्वानांनी बरेच तर्क लढवले आहेत. कथाकाराने मोघम ठेवले आहे, ते तसेच राहू द्यावे.

वचने 8, 9. मध्यरात्री तो दचकून उठतो. काय करायचे ते बवाज सांगेल, असे नामी म्हणाली होती. इथे रूथच त्याला काय करायचे ते सांगते. ज्या परमेश्वराच्या आश्रयाला ती आली आहे तो तिला पुरते फळ देवो, असा आशीर्वाद बवाजाने शेतात तिला दिला होता. आता ती त्यालाच म्हणते आहे की तो आश्रय तू हो, जवळचा नातलग म्हणून ते तुझे कर्तव्य आहे. तिच्या मागणीत सूचक इशारे नाहीत. सोशिक स्त्रीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना हा धीटपणा थोडा बोचतो. बोचू द्यावा.

वचने 10, 11. तिने तरुणांच्या मागे न जाता आपल्याकडे यावे, याचे त्याला अप्रूप आहे. त्याचे वय झाले असावे. तिच्या धाडसाचा तो गैर अर्थ काढत नाही. उलट सारे गाव तिची थोरवी जाणते, असे तिला सांगतो. एकांतात त्याला तिच्या गावातल्या नावाची आठवण आहे.

वचने 12, 13. सगळा अध्याय या दोन वचनांवर उभा आहे. आपल्याहून जवळचा आणखी एक नातलग आहे, तिला पत्करण्याचा पहिला हक्क त्याचा, असे बवाज सांगतो. हे रूथला ठाऊक नसावे. तो गप्प राहिला असता तर त्या रात्री कोणाला कळले नसते. स्वतःचे नुकसान होऊ शकेल अशी गोष्ट तो आपण होऊन सांगतो. तो दुसरा तयार झाला तर ठीक, नाही तर मी, अशी शपथ घेतो.

याच्या शेजारी शमुवेलाचे दुसरे पुस्तक, अध्याय 13 ठेवावा. तिथला अम्नोन हा दावीदाचा मुलगा, म्हणजे बवाजाचा खापरपणतू. सावत्र बहीण तामार हिच्यावर आपले प्रेम आहे असे तो बोलून दाखवतो, झुरतो, आजारी पडल्याचे सोंग घेतो आणि सगळ्यांना बाहेर काढून तिच्यावर जबरदस्ती करतो. लग्नासाठी राजाशी बोल, असे ती विनवते. ते त्याला नको असते. नंतर तिचाच इतका तिटकारा येतो की तो तिला हाकलून दाराला कडी घालायला लावतो. बवाज आणि रूथ एकमेकांना प्रेमाचा एक शब्दही बोलत नाहीत.

वचन 14. इथे अडखळायला होते. ती आल्याचे कळू नये, असे बवाज म्हणतो. मग हे चोरटे नाते नाही का? मला तसे वाटत नाही. लपवणे तिच्या नावासाठी आहे आणि उजाडेपर्यंतच. त्याच दिवशी तो वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांसमोर सगळे मांडतो. कित्येक महिने कोणाला सांगू नकोस म्हणणारा माणूस बहुधा स्वतःची सोय पाहत असतो. आजही अनेक चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांची नावे वाचून हरकत असल्यास सांगा असे विचारतात. त्यामागची वृत्ती या वेशीवरचीच.

वचने 15 ते 17. सहा मापे सातू, आणि तेही सासूसाठी. रूथ नामीला सोडणार नाही हे त्याने ओळखले आहे. तिच्याबरोबर तिची माणसेही तो पत्करतो.

वचन 18. नामी म्हणते, बस आता, आज निकाल लावल्याशिवाय तो स्वस्थ बसणार नाही. रात्री त्याने घाई केली नाही, दिवसा चालढकल केली नाही. वेशीवर तो दुसरा नातलग नामीचे शेत घ्यायला लगेच तयार झाला. शेताबरोबर रूथही येते हे ऐकल्यावर मात्र आपल्या वतनाची काळजी पुढे करून त्याने पायातली वहाण काढून दिली आणि हक्क सोडला.