सिगारेट ओढणारे डॉक्टर आणि सिगारेटविषयीचे सत्य

१. स्वतः सिगारेट ओढणारा डॉक्टर ‘धूम्रपान सोडा’ म्हणाला, तर त्याचे का ऐकावे? विसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रश्न साऱ्या वैद्यकशास्त्रापुढेच उभा होता. कारण सिगारेटविरुद्धचा पुरावा ज्यांनी जमवला, त्यांतले कित्येक जण स्वतःच धूम्रपान करीत होते. त्यांच्याविषयीचा हा थ्रेड.

२. आधी त्या काळाची हवा पाहू. १९४६ साली अमेरिकेत कॅमल सिगारेटची जाहिरात झळकली: इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा अधिक डॉक्टर कॅमल ओढतात! आधाराला १,१३,५९७ डॉक्टरांच्या पाहणीचा आकडा होता. डॉक्टरांची सवय हेच सिगारेट निर्धोक असल्याचे प्रमाणपत्र ठरले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे नियतकालिकही १९५३ पर्यंत सिगारेटच्या जाहिराती छापत होते.

३. याच काळातले एक मोठे नाव म्हणजे सेंट लुइसचे शल्यविशारद एव्हर्ट्स ग्रॅहम. १९३३ साली त्यांनी कर्करोगाने ग्रासलेले एक संपूर्ण फुप्फुस काढून रुग्णाला वाचवले. अशी ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. आणि ग्रॅहम? ते सिगारेटचे जुने, पक्के शौकीन.

४. सिगारेटचा खप वाढला तसा फुप्फुसांचा कर्करोगही वाढला, असे आल्टन ऑक्सनर हे शल्यविशारद सांगत होते. ग्रॅहम यांना ते पटेना. दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्यांचा आक्षेप. तर्क म्हणून तो चुकीचा नव्हता. पण तो घेणाऱ्याच्या बोटांत सिगारेट होती, हेही खरे.

५. पुढे अर्न्स्ट वाइंडर हा तरुण वैद्यकीय विद्यार्थी या प्रश्नाचा अभ्यास करण्याची परवानगी मागायला आला. शंका असूनही ग्रॅहम यांनी त्याला साहाय्य केले. १९५० साली दोघांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष ग्रॅहम यांच्या अपेक्षेविरुद्ध आणि त्यांच्या सवयीविरुद्ध होता. तरीही त्याखाली त्यांचे नाव होते.

६. त्यानंतर ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली. १९५३ साली वाइंडर व सहकाऱ्यांसह त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला: तंबाखूच्या धुरातला चिकट अर्क उंदरांच्या कातडीवर लावल्यास कर्करोग होतो, असे त्यात दिसले.

७. मात्र सुमारे ५० वर्षांच्या व्यसनाचा हिशेब चुकता व्हायचा होता. १९५७ च्या प्रारंभी त्यांना फुप्फुसांचा कर्करोग झाल्याचे कळले, तोही दोन्ही बाजूंना. जी शस्त्रक्रिया त्यांनी जगाला दिली, ती त्यांच्या उपयोगाची नव्हती. मार्चमध्ये ते गेले. १९३३ चा तो रुग्ण तेव्हा हयात होता.

८. आता लंडनला येऊ. रिचर्ड डॉल हे डॉक्टर आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ याच रोगाचे मूळ शोधत होते. डॉल यांचा प्रथम संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता. ते स्वतः धूम्रपान करीत. रुग्णालयांतून माहिती गोळा होऊ लागली आणि संशयाची दिशा बदलली. अभ्यास पुरा होण्याआधीच डॉल यांनी सिगारेट सोडली.

९. त्यांचा निबंध १९५० मध्ये आला. पण शंका घेणारे थांबले नाहीत. तेव्हा १९५१ साली दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली: आपण धूम्रपान करता का, किती करता? ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरे दिली. इतरांना सल्ला देणारेच आता अभ्यासाचा विषय झाले.

१०. १९५४ च्या पहिल्या अहवालात ३५ वर्षांवरील पुरुष डॉक्टरांतले फुप्फुसांच्या कर्करोगाचे ३६ मृत्यू नोंदले होते. हे सर्वच्या सर्व धूम्रपान करणारे होते. पुढच्या वर्षांत असंख्य ब्रिटिश डॉक्टरांनी सिगारेट सोडली. आपल्याच सहकाऱ्यांच्या मृत्यूंची नोंद नाकारायची कशी?

११. हा अभ्यास ५० वर्षे चालला. २००४ च्या निष्कर्षानुसार, आयुष्यभर सिगारेट ओढणारे पुरुष न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ वर्षे परत मिळवली. तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सारीच.

१२. आणखी एक उदाहरण अमेरिकेच्या सरकारी समितीचे. १९६४ साली तिने धूम्रपानामुळे पुरुषांना फुप्फुसांचा कर्करोग होतो, असा निर्णय दिला. दहा सदस्यांपैकी निम्मे धूम्रपान करणारे होते. त्यांतले रसायनशास्त्रज्ञ लुइस फीझर निर्णयानंतरही ओढत राहिले. १९६५ मध्ये त्यांच्या फुप्फुसात कर्करोग सापडला, आणि मग सिगारेट सुटली.

१३. फीझर यांच्या वर्तनामुळे तो अहवाल खोटा ठरला का? नाही. उलट त्यांचे आजारपण त्या अहवालाचीच साक्ष झाले. ज्ञान असणे आणि व्यसन सुटणे यांत किती अंतर असते, एवढेच त्यांच्या वर्तनातून कळते. निकोटिनची पकड पदवी पाहून सैल होत नाही.

१४. ‘डॉक्टर ओढतात, म्हणून सिगारेट चांगली,’ असे जाहिरात म्हणत होती. ‘डॉक्टर ओढतो, म्हणून त्याचा सल्ला खोटा,’ असे आपण म्हणतो. दोन्हींत चूक एकच: पुराव्याऐवजी माणसाच्या सवयीवरून सत्य ठरवणे. ग्रॅहम आणि डॉल यांचे शब्द तर त्यांच्या सवयीच्या विरोधात जाणारे होते. अशा साक्षीचे वजन अधिकच मानले पाहिजे.

१५. तरीही वर्तन निरर्थक नाही. आधी स्वतः गूळ सोडून मगच मुलाला उपदेश करणाऱ्या साधूची गोष्ट आपण ऐकली आहे. आचरणाने सल्ल्याला बळ येते; ऐकणाऱ्याला धीर येतो. पण साधूने गूळ सोडला नसता, तरी मुलाला तो बाधलाच असता.

१६. म्हणून डॉक्टरच्या खिशात सिगारेटचे पाकीट दिसले, तर त्याच्याविषयी खुशाल वाईट वाटून घ्यावे. सल्ला मात्र पुराव्यावर तोलावा. तो पुरावा ज्यांच्या मृत्यूंतून उभा राहिला, त्यांत डॉक्टरही होते.