पाणी ओसरल्यावर येणारी माणसं

गंगथडीच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, गावांत पुराच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण पाणी कुठवर चढलं ते सांगतात. कुठल्या देवळाच्या पायरीला लागलं, कोण माळवदावर रात्रभर बसून राहिलं, कुणी दावी कापून जनावरं सोडून दिली. माझे आजोबा, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, पूर सांगायला सुरुवात करायचे ती पाणी गेल्यानंतरच्या दिवसांपासून. "पाण्यानं नेलं ते डोळ्यांदेखत नेलं," म्हणायचे. "मागनं आलेल्यांनी काय नेलं, ते हिशेबाला बसल्यावर कळलं."

निफाड तालुक्यातलं सायखेडा माझं आजोळ. नाशिकहून येणारी गोदावरी चांदोरी-सायखेड्याच्या काठाने पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाते आणि तिथे तिला कादवा मिळते. संगमावर इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यात गाळ साचून पाणथळ तयार झाली आणि 2020 साली ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. पक्ष्यांना मानवलेलं हे तुंबलेलं पाणी पुराच्या दिवसांत काठच्या गावांना मात्र जड जातं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही ते पाहिलं. पण जुनी माणसं कुठलाही पूर ताडून बघतात तो सप्टेंबर 1969 च्या पुराशी.

त्या पुरात नानांचं ऑइल इंजिन नदीकाठच्या खोपीत होतं. पाणी उतरलं तेव्हा गाळातून फक्त फ्लायव्हीलची कड वर दिसत होती. रब्बी तोंडावर आलेली, गावात मिस्त्री एकच आणि गाळात गेलेली इंजिनं काठभर. अशात खांद्याला पान्यांची पिशवी अडकवून एक अनोळखी मिस्त्री आला. भाव दुप्पट आणि पैसे आधी. त्याने वरवरचा गाळ धुतला, चेंबरमधलं तेल बदललं, हँडल मारलं. इंजिन धूर ओकत सुरू झालं, पंपाने पाणी फेकलं, बघायला जमलेल्यांना हायसं वाटलं. तो पुढच्या गावाला गेला आणि त्याच्या हातची इंजिनं एकेक करून बसत गेली. नानांनी स्वतः चेंबर उघडून तेलात बोट बुडवलं, तर चिमटीत खरखर लागली. बारीक वाळू. त्याने इंजिन खोललंच नव्हतं, आणि त्या वाळूने बेअरिंग खाऊन टाकली होती.

दुसरा आला तो साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधला हेल्पर, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. सर्टिफिकेट त्याच्याकडेही नव्हतं. त्याने हेड उतरवलं, जाम झालेला पिस्टन रात्रभर घासलेटात भिजत ठेवला, नोझल सुटी करून साफ केली, बेअरिंगच्या वाट्या उन्हात धरून त्यावरचे ओरखडे नानांना दाखवले. "ही चालणार नाही, नवी आणा," असं सांगणारा तो पहिला माणूस, असं नाना म्हणायचे.

पहिल्या मिस्त्रीच्या अनुभवाने पोळलेल्या गावाने मग चावडीवर बसून ठरवलं. बाहेरून येणाऱ्या कारागिराला अडवायचं नाही, कागद मागायचा नाही. तशी चैन तेव्हा परवडणारी नव्हती. पण त्याने नाव, गाव आणि पंचक्रोशीतला एक ओळखीचा माणूस सांगायचा आणि ते वहीत लिहायचं. सामानाचे पैसे लगेच द्यायचे. मजुरी निम्मी हातात आणि निम्मी किराणा दुकानदाराकडे ठेवायची. इंजिनाने शेताची एक पाळी पुरी भरली की दुकानदाराने ती मोकळी करायची. हेल्पर पोराने ही अट मान्य केली. पिशवीवाला मिस्त्री पुन्हा काठावर फिरकला नाही.

पुढे परवान्यांविषयी जे काही वाचलं, ते मी नकळत त्या वहीशी ताडून पाहत आले. आपत्तीत परवान्याची अट सैल करावी लागते, हे गावाला कळलं होतं. अट सैल केली तरी माणूस जबाबदारीतून सुटता कामा नये, हेही कळलं होतं. सरकारी आदेशांत यातली पहिली गोष्ट नेहमी सापडते, दुसरी क्वचित.

आजी मात्र नानांची गोष्ट संपली की सुरुंगवाल्याची गोष्ट काढायची. तीही आपत्तीचीच, पण कोरडी. 1972 च्या दुष्काळात जो तो विहीर खोल करायच्या मागे लागला होता. आधी पाणाड्या यायचा, तळहातावर नारळ घेऊन शेतातून चालायचा, नारळ उभा राहिला की तिथे खूण करून आपली बिदागी घ्यायचा. पाणी लागलं तर विद्या त्याची, नाही लागलं तर नशीब आपलं. त्याच सुमारास राज्याने भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा उभी केली, कातळात बोअर घेणारी यंत्रं आली, तरी नारळ काही मागे पडला नाही. आजीचा पाणाड्यावर राग नव्हता. पैसे गेले, माणूस राहिला, एवढंच ती म्हणायची.

सुरुंगाचं तसं नव्हतं. मुरलेला सुरुंगवाला कातळात भोकं पाडून कांड्या भरायचा, वाती पेटवून यारीने वर यायचा आणि काठावर उभा राहून बार मोजायचा. जेवढ्या वाती तेवढे बार ऐकू आले तरच विहिरीत माणूस उतरायचा. एक जरी कमी भरला तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो कुणाला काठाशीही येऊ द्यायचा नाही. त्या वर्षी मागणी एवढी वाढली की कालपर्यंत पाट्या उचलणारेही वाती पेटवू लागले. शेजारच्या शिवारात अशाच एका नवख्याला दोन बार एकदम झाल्यासारखे वाटले. त्याने गणती पुरी धरली आणि खाली उतरला. त्याचं नाव आजी कधी घ्यायची नाही. त्याची बायको नंतर आमच्याकडे खुरपायला यायची, एवढं सांगून गप्प व्हायची.

नानांची वही आणि आजीची विहीर या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की सवलत कुठे द्यावी याचं उत्तर मिळतं, असं मला वाटतं. बिघडलेलं इंजिन पुन्हा खोलता येतं. तिथे अट सैल करा, फक्त पैसे अडवून ठेवा. सुरुंग, वीज, औषध यांत चूक निस्तरायला दुसरी संधी मिळत नाही. तिथे अट सैल करू नका, अटीत बसणारी माणसं वाढवा.

2019 च्या पुरानंतर मामाच्या घरी हेच घडताना पाहिलं. मीटर पाण्यात गेलेलं, भिंती ओल्या. मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, घरातल्या वायरिंगचं ज्याचं त्याने बघायचं. एक जण आला, म्हणाला, आता जोडून देतो, परवानेवाल्याची वाट बघाल तर बसाल अंधारात. मामी म्हणाली, "बसू अंधारात." परवानाधारक वायरमन आला तेव्हा त्याने आधी मेगर, म्हणजे तारेचं आवरण तपासायचं यंत्र, लावला. हँडल फिरवलं आणि काटा दाखवला. स्वयंपाकघराच्या भिंतीतली तार ओलीने पार उतरली होती. तेवढी लाइन त्याने तोडून ठेवली आणि बाकी घर सुरू करून दिलं. त्या भिंतीला लागून मामीची ओली मोरी होती. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत खांब आडवे केले, तेव्हा महावितरणने इतर जिल्ह्यांतली पथकं तिकडे धाडली. वायरमनच्या बाबतीतही असंच करता येईल. शेजारच्या तालुक्यांतले परवानाधारक पूरग्रस्त गावात आठवडाभर बसवायचे, त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची.

निफाडच्या माणसाला या विषयात न्यायमूर्ती रानडे आठवणं साहजिक आहे. त्यांचा जन्म इथलाच, 18 जानेवारी 1842 चा, आणि आमच्या वैनतेय विद्यालयाची संस्थाही त्यांच्याच नावाची. पण ज्या कामासाठी इथल्या शेतकऱ्याने त्यांना आठवावं, त्याविषयी शाळेत फारसं सांगत नाहीत. 1875 साली सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. मागोमाग 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ आला. 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या विशेष न्यायाधीशाच्या कामात रानड्यांनी वर्षानुवर्षं घालवली. 1893 मध्ये मुंबई हायकोर्टात जाण्याआधी ते स्वतः विशेष न्यायाधीश होते. कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

आज तो वाचताना चकित व्हायला होतं. सावकाराने पैशाची पावती द्यायची, हिशेबाचा उतारा द्यायचा. शेतकऱ्याचा कर्जरोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहायचा. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा खरा न धरता व्यवहार मुळापासून तपासायचा. दाव्याआधी समेटाचा प्रयत्न करायचा, आणि शंभर रुपयांच्या आतल्या बऱ्याचशा दाव्यांत वकिलाला उभंच राहू द्यायचं नाही. सनद असलेल्या एका अख्ख्या व्यवसायाला कायद्याने बाजूला थांबायला सांगितलं, कारण वकील सावकाराला परवडायचा, कुणब्याला परवडत नव्हता. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखतं लिहून घेऊन यातूनही वाट काढली, ही खंत राहतेच. सावकाराला परवान्याची सक्ती करणारा मुंबईचा कायदा 1946 ला आला, सध्याचा महाराष्ट्राचा 2014 चा. तरी लेखी पावती आणि तपासता येणारा हिशेब ही दुष्काळातून निघालेली मागणी आजही जुनी झालेली नाही.

26 नोव्हेंबर 2023 ला निफाड तालुक्यात गारपीट झाली, द्राक्षबागांचा पाचोळा झाला. अशा वेळी माणूस तारीख-वार विसरतो, आणि फळपीक विम्याची सूचना मात्र 72 तासांत द्यायची असते. त्याच 72 तासांत बांधावर टॉनिकवाले येतात. जखमा भरतील, काडी सुधारेल, उधार घ्या, बिल नंतर. कीटकनाशक विकायला परवाना लागतो, विक्रेत्याला शिक्षणाची अट आहे. ती अट पुरी करायला जुन्या दुकानदारांना मुदतवाढीही मिळत गेल्या. मुदतवाढीला माझी हरकत नाही. पण पक्कं बिल नसेल तर बाटलीत काय होतं, हे कुठल्याच आयोगापुढे सिद्ध होत नाही.

मग हंगामात व्यापारी येतात. जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. शेतकऱ्याला कुठेही विकण्याची मोकळीक मिळाली, ती हवीच होती. पण लासलगावच्या आवारात परवानाधारक व्यापाऱ्याने पैसे थकवले तर बाजार समितीचं दार ठोठावता येतं, बांधावर माल तोडून ट्रक भरून नेणाऱ्याचा पत्ता कुणाकडे असतो? द्राक्षांचे लाखो रुपये बुडवून परमुलखात गेलेल्या व्यापाऱ्यांच्या मागे अखेर पोलिसांना लागावं लागलं. नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी 2020 पासून त्यासाठी मोहीमच चालवली आणि अनेकांचे पैसे परत मिळाले. एका अधिकाऱ्याच्या तळमळीने झालेलं हे काम आहे. व्यापारी बांधावर येतो तेव्हाच त्याची नोंद झाली असती, तर पोलिसांची गरजच पडली नसती.

दार उघडं ठेवून नोंद पक्की ठेवणं सरकारलाही जमतं. कोविडमध्ये वाहन परवान्यांच्या मुदती वाढवत नेल्या. गाडी चालवायची परीक्षा त्या माणसांनी आधीच दिलेली होती. मार्च 2020 मध्ये डॉक्टरांना फोनवरून तपासायची रीतसर मुभा मिळाली, पण चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहायची अट कायम राहिली. फ्लोरिडात चक्रीवादळानंतर परवानाधारक बांधकाम ठेकेदारांना छपरांच्या दुरुस्तीचीही तात्पुरती परवानगी देतात, आणि त्याच आणीबाणीच्या काळात विनापरवाना ठेकेदारी केली तर तो अधिक गंभीर गुन्हा धरतात. आपल्या 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीसाठी खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मदतीचा अपहार करणाऱ्यालाही शिक्षा आहे. आपत्तीग्रस्ताच्या उंबऱ्याशी येऊन त्याला फसवणाऱ्यासाठी मात्र नेहमीचेच कायदे. ही उणीव भरून काढायला हवी.

तोवर सायखेडा, चांदोरी आणि काठावरच्या सगळ्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. पावसाळ्याआधी एक वही घाला. बाहेरून येणाऱ्या मिस्त्री, गवंडी, वायरमन, बोअरवाला, व्यापारी यांचं नाव, गाव, फोन, परवाना असेल तर त्याचा क्रमांक, ठरलेलं काम आणि रक्कम त्यात लिहा. मजुरीचा काही भाग काम चालून दाखवेपर्यंत तिसऱ्याच्या हाती ठेवा. आणि शेतकऱ्यांनो, बिल घेतल्याशिवाय बाटली घरात आणू नका. सदोष बियाण्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2012 सालीच शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर एक रुपयाही शुल्क पडत नाही.